आकसलेलं दार

नाल्वोगाच्या तोंडातून गुलाबी फेस आला, तो आत्याच्या हातची औषधी माती प्यायल्यावर. सातवा महिना होता. इस्पितळात ती श्वासासाठी झगडत होती; डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअर. मसाकाजवळच्या त्या वस्तीला तेवढं पुरलं. आत्यानं भाचीचं काळीज बंद पाडलं!

दुपारी पोलीस आत्याला, नाकायिझाला, नेणार होते. तिच्याच निरोपावरून खासगी तपासनीस कातेंडे आला. सोबत त्याचा मदतनीस मुगेर्वा होता. त्याच्या मनात निकाल कधीच लागला होता.

आत्या केळीखाली बसली होती. याच सोमवारी आले, म्हणाली. गर्भारणीला माती उगाळून द्यायची रीतच आहे, आणि त्याच वाटीतली मीही प्यायले. मुगेर्वा हळूच हसला.

सासू कुरकुरली. महिनाभर सून पाण्याचा डबा घेऊन चढ चढताना चारदा टेकायची. "मी म्हटलं, पोटुशीचे नखरे."

नवरा लुबेगा डोळे लाल करून उभा होता.

"झोपायची कशी?" कातेंडेनं विचारलं.

"बसून. आडवी झाली की गुदमरायची. महिना झाला."

"लहानपणी काही दुखणं?"

"घसा आला होता म्हणे. मग ताप, आज गुडघा सुजे, उद्या कोपर."

कातेंडे तडक इस्पितळात गेला आणि डॉक्टरांना तेवढंच सांगितलं. त्यांनी यंत्रानं हृदय पाहिलं. मग इस्पितळाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं गेलं. आत्याच्या दोन्ही बाजूंना शिपाई होते.

"आत्या सोमवारी आली," कातेंडे म्हणाला, "श्वास महिन्यापूर्वीच अडला होता. माती दोघीही प्यायल्या, कोसळली एकच."

"पण हार्ट फेल्युअर तर झालंच ना?" मुगेर्वा म्हणाला.

"खून झाला म्हटल्यानं खुनी सापडतो का रे? हार्ट फेल्युअर म्हणजे काय घडलं, ते. ते कित्येक कारणांनी घडतं. इथलं कारण निराळं. घशातून आलेल्या त्या तापानं हृदयाची झडप, रक्ताचं आतलं दार, हळूहळू आकसली. वर्षानुवर्षं ती गप्प राहिली. गर्भारपणात रक्त वाढलं, दार मात्र तेवढंच. तुंबलेलं रक्त मागे सरलं, फुप्फुसांत पाणी पाझरलं. हृदयाचे स्नायू अजून धडधाकट आहेत, दार उघडलं तर ती जगेल. पण आजच कंपालाला न्यायला हवं."

शिपाई बाजूला झाले. लुबेगा मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

आत्या गाडीत चढली, भाचीच्या पाठीला आपल्या छातीचा टेकू दिला.

"माफी मग माग, जावईबापू," ती म्हणाली. "आधी दार लाव, गाडी निघू दे."