पाय बदलणारं तेल

"शी! लांब कर ते," चेतना म्हणाली आणि हातातली आंब्याची फोड तिने ताटलीत परत ठेवली.

"खाताना दाखवू नको असं मी जिन्यातच बजावलं होतं," प्रज्ञा म्हणाली. "पण ऐकेल तर तो रत्नदीप कसला?"

रत्नदीप म्हणजे चेतनाची मैत्रीण प्रज्ञा हिचा धाकटा भाऊ; दोघं आत्ता चेतनाच्या घरी आली होती. त्याने ते गुळगुळीत पत्रक लांब करण्याऐवजी चेतनाच्या अगदी नाकासमोर धरलं. त्यावर दोन पायांचे फोटो होते. पहिल्या पायाच्या टाचेजवळ पिवळट, ओली जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. खाली लिहिलं होतं, 'आधी'. दुसरा पाय गुलाबी आणि नितळ. खाली, 'एकवीस दिवसांनी'. आणि वर लाल अक्षरांत, 'शुगरच्या जखमेवर सोपानबुवांचं तेल. ड्रेसिंगला कायमची सुट्टी.'

"आमच्या आजीने बाटली आणलीये," रत्नदीप म्हणाला. "आता दवाखान्यात पाऊल टाकणार नाही म्हणते."

आता मात्र चेतना सरळ बसली. द्रौपदाआजी मढहून वारूळवाडीला आली होती तीच मुळी पायाच्या ड्रेसिंगसाठी. प्रज्ञाची आई उज्ज्वला नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. एक दिवसाआड ती सासूला सोबत घेऊन जायची.

"आईने लाख सांगितलं, की अशी जखम सोडली तर बोट कापावं लागतं," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तर आजी म्हणते, 'तू नुसती कापूस लावती अन् चिंधी बांधती. या बाईचा पाय बघ कसा लख्ख झाला. मला न्हाई यायचं.' सुनेचं ऐकत नाही. कागदाचं ऐकते."

"बाटली कुठाय?"

"गव्हाच्या कोठीत. मी लपवली," रत्नदीप म्हणाला. "पण परवा बाजार आहे. ती दुसरी आणणार."

मग त्याने पत्रक तिरकं केलं, स्वतःचे दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि एकदा पायांकडे, एकदा कागदाकडे बघू लागला.

"हे काय चाललंय तुझं?"

"थांब ना. हा 'आधी'वाला पाय उजवा आहे. अंगठा या बाजूला. आणि 'नंतर'चा डावा."

तिघांनी आपापले अंगठे तपासले. खरंच की.

"भारी तेल आहे," प्रज्ञा म्हणाली. "लावलं की पायच बदलतो."

चेतना हसली नाही. ती फोटोच्या कोपऱ्याकडे बघत होती. जखमेला लागून एका निळ्या फूटपट्टीचं टोक दिसत होतं आणि त्यावर अर्धं फाटलेलं चांदणीचं स्टिकर. ती फूटपट्टी तिच्या कंपासपेटीत होती. या क्षणीसुद्धा.

"हा आमच्या दादीचा पाय आहे," ती म्हणाली.

आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पाय ओळखला नव्हता. फूटपट्टी ओळखली होती.

चेतनाची दादी, भंवरीबाई, हिलाही शुगरची जखम होती. उज्ज्वला ड्रेसिंग करायला आली की चेतना नाक दाबून गच्चीवर पळायची. पुण्याच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला जखमेचा फोटो मागितला होता, शेजारी फूटपट्टी ठेवून. चेतनाच्या पप्पांनी तो काढून घरच्या कम्प्युटरवर घेतला होता. चेतनाने कोपऱ्यात लाल रंगाने तारीख घातली होती, तीही एक डोळा मिटून. पत्रकावरच्या फोटोत त्या तारखेची लाल शेपटी कापायची राहून गेली होती.

"डॉक्टरांकडून फुटला असेल," रत्नदीप म्हणाला.

"नाही. पप्पा सोमवारी पुण्याला जाणार आहेत. पेन ड्राइव्ह अजून ड्रॉवरमध्येच आहे. हा फोटो या कम्प्युटरच्या बाहेर गेलेलाच नाही."

तिघंही वर गेली. सोपानबुवा त्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. खोलीबाहेर तेलकट बाटल्या, माश्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. चेतनाने ओढणी नाकाला लावली.

"बुवा, या फोटोतल्या बाई कुठल्या हो?" प्रज्ञाने अगदी साळसूदपणे विचारलं.

"त्या व्हय? नाशिककडच्या." बुवांनी पिचकारी मारली. "पोरी, रडत आल्या व्हत्या, हसत गेल्या. माझे पाय धरत व्हत्या. मी म्हणलं, माय, आधी तुमचे पाय तर बघू."

आणि ते स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले. चेतनाला त्या हसण्याची किळस आली. दादीच्या जखमेचीसुद्धा तिला इतकी कधी आली नव्हती.

खाली येऊन त्यांनी कम्प्युटर सुरू केला. घड्याळाजवळ ढालीचं छोटं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. प्रज्ञाने क्लिक केलं. 'फायरवॉल बंद आहे.'

"ती मीच बंद केलीये," मागून आवाज आला. चेतनाचे पिंटूकाका टॉवेलने मान पुसत उभे होते. "मे महिन्यात फायर चालू ठेवून कशाला? डबा आधीच तव्यासारखा तापतो."

प्रज्ञाने माउस खाली ठेवला.

"काका," प्रज्ञा सावकाश म्हणाली, "त्यातल्या फायरने काही तापत नाही. ती कम्प्युटरची वॉचमन आहे. बाहेरून कुणी आत शिरायला लागलं की अडवते."

"अडवतेच ना. मला मोबाइलवर सिनेमे बघायचे होते. सगळीच फोल्डरं शेअर केली, पासवर्ड काढून टाकला, तरी ही बया मध्ये आडवी. मग म्हटलं, नाहीतरी तापवतेच आहे. दिली घालवून."

"आणि आपलं वायफाय कोण कोण वापरतं?" चेतनाने विचारलं.

"आपण. दुकान. आणि ते वरचे बुवा. शेजारधर्म म्हणून दिला मी पासवर्ड."

प्रज्ञाने आईचा लॅपटॉप आणला. तो घेऊन ती जिन्यात बसली आणि त्याच वायफायला जोडला. मिनिटभरात तिची हाक आली. लॅपटॉपवर चेतनाच्या पप्पांच्या, म्हणजे घेवरचंद शेठच्या, घरातलं सगळं होतं. लग्नाचे फोटो, आधार कार्डं, चेतनाचे चौथीतले निबंध. आणि 'दादी पाय' नावाचं फोल्डर. कुणीही काही विचारलं नव्हतं. वॉचमन नव्हताच.

पिंटूकाका जिन्यावरच बसले. "म्हणजे तो माणूस वर बसून आपल्या आईचा पाय..." मग ते उठले. "आत्ता चालू करतो फायर."

"थांबा," रत्नदीप म्हणाला. "बुवा म्हणतील, मला बाईंनीच फोटो दिला. नाशिकच्या बाईला शोधायला जाणार का आपण? परवापर्यंत दार उघडंच राहू द्या. फक्त घरातलं सामान आधी काढून घ्या."

त्यांनी सगळे खरे फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर घेतले आणि कम्प्युटरवरून पुसून टाकले. मग रत्नदीप बाजार आवाराच्या मागे गेला आणि सडक्या टोमॅटोंची पिशवी घेऊन आला. वास असा, की पिंटूकाका गॅलरीत पळाले.

टोमॅटो, हळद, उकळलेल्या चहाचा चोथा, वरून थोडं खोबरेल. हे सगळं रत्नदीपच्या उजव्या पायावर थापलं. ते काम चेतनाने केलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. क्रिकेटचा बॉल लागून त्याच्या अंगठ्याचं नख काळंकुट्ट पडलं होतं, ते मात्र तसंच उघडं ठेवलं. फोटो काढताना एक माशीही येऊन बसली.

"तिला हाकलू नका," रत्नदीप म्हणाला. "शोभा वाढवतेय."

फोल्डरला नाव दिलं, 'दादी पाय, नवीन'.

एक काम मात्र उरलं होतं आणि ते चेतनालाच करायचं होतं. संध्याकाळी ती दादीच्या पलंगाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. भंवरीबाईंनी लुगड्याचा काठ ओढून पाय झाकला. बराच वेळ त्या काठावरून हात फिरवत राहिल्या.

"सगळ्या बाजाराने बघितला?"

"हो, दादी."

"आणि तो बघून द्रौपदाबाई ड्रेसिंग सोडणार?"

"हो."

"मग मला न्यायचं बाजारात. रिक्षा सांग."

बाजाराच्या दिवशी सोपानबुवांच्या छत्रीभोवती गर्दी होती. मागे नवा कोरा फ्लेक्स. त्यावर हातभर मोठा पाय, टोमॅटोने बरबटलेला, माशीसकट. 'वय सत्तर. डॉक्टरांनी पाय कापायला सांगितलं होतं.' शेजारी तोच जुना नितळ डावा पाय.

द्रौपदाआजी अगदी पुढे उभी होती. उज्ज्वला तिचा हात धरून विनवत होती.

"आत्या, आज तिसरा दिवस. निदान पट्टी तरी बदलू."

"तू गप. त्या बाईचं कापायचं व्हतं, तरी बरं झालं."

तेवढ्यात रत्नदीप गर्दीतून घुसला. चप्पल काढली आणि त्याने उजवा पाय थेट बुवांच्या टेबलावर, बाटल्यांच्या मधोमध ठेवला.

"आजी, त्या बाईला नीट बघ. अंगठ्याचं नख बघ."

द्रौपदाआजीने फ्लेक्सकडे बघितलं, मग नातवाच्या पायाकडे. काळं नख इथे, काळं नख तिथे. घोट्यावरचा तीळही तोच.

"आरं, हा तर तूच की रं भाड्या."

"मीच. वय सत्तर. टोमॅटो आहे तो, सडका. चेतनाच्या घरी काढलाय फोटो."

लोक हसायला लागले. बुवांचा चेहरा उतरला, पण तोंड बंद झालं नाही. "छापणाऱ्यानं घोळ घातला, राव. फोटो बदलला. पहिल्या पत्रकावरची बाई खरी हाय, नाशिकची."

"पहिली बाई मी आहे," भंवरीबाई म्हणाल्या.

चेतनाच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुढे आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. स्टुलावर बसून त्यांनी लुगड्याचा काठ वर केला, चेतनाने पट्टी सोडली आणि निळी फूटपट्टी जखमेशेजारी धरली. पत्रकातला फोटो जसाच्या तसा.

"नाशिक मी बघितलेलंसुद्धा नाही. तुझ्या डोक्यावरच्या छपराचं भाडं माझा मुलगा घेतो. आणि तू माझ्या घरात डोकावून माझं दुखणं उचललंस?" त्यांचा आवाज चढला नाही. "तेलाचा थेंब लावला नाही मी. जेवढी भरलीये ना, तेवढी त्या पोरीच्या चिंधीने भरलीये." त्यांनी उज्ज्वलाकडे बोट दाखवलं.

कुणीही हसलं नाही. एका म्हाताऱ्याने हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग दुसऱ्याने. बुवा छत्री मिटायला लागले, तर छत्रीची दांडी पिंटूकाकांनी धरून ठेवली होती. "फ्लेक्स राहू द्या," ते म्हणाले. "पोलिसांना दाखवायचाय."

द्रौपदाआजीने सुनेकडे न बघता पाय पुढे केला. "चल. कुठं बसू?"

त्या संध्याकाळी चेतनाने कम्प्युटरला नवा पासवर्ड घातला, फोल्डरचं शेअरिंग काढलं आणि फायरवॉल चालू केली. लाल फुली गेली. वायफायचाही पासवर्ड बदलला.

"आणि तापलं तर?" पिंटूकाकांनी हळूच विचारलं.

उत्तरादाखल प्रज्ञाने डब्याचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी, झुरळांच्या तंगड्या आणि पंख्यात अडकलेली पालीची फुटकी अंडी. पिंटूकाका परत गॅलरीत गेले.

"ब्रश घेऊन या, काका," चेतना म्हणाली. "हे तुम्हीच साफ करायचंय."

बुधवारी दवाखान्याच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी पाय पसरून बसल्या होत्या. उज्ज्वला औषध लावत होती. "माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत जे जमलं नाही, ते या तिघांनी एका बाजारात केलं," ती म्हणाली. "आत्या स्वतःहून आल्या."

चेतना खाली उकिडवी बसली होती, फूटपट्टी घेऊन. नाकावर ओढणी नव्हती. तिने एक पाय मोजला, मग दुसरा.

"जखम भरण्यात दादी पुढे आहे. अर्ध्या सेंटीमीटरने."

"पुढल्या बुधवारी बघ म्हणावं तिला," द्रौपदाआजी म्हणाली, आणि पट्टीसाठी पाय आणखी पुढे केला.