तिच्या उत्तराला लागणारा वेळ

आता पंचवीस वर्षं होतील, पण त्या खोलीतली पंख्यांची घरघर अजून कानात आहे. माझं काम एकच: मागणी पाठवून उत्तर किती वेळात आलं ते मोजणं. दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम बनत होता. रुग्णाची मागणी आली की पत्ता शोधणारी, गाडी पाठवणारी, खाट शोधणारी, अशा निरनिराळ्या सर्व्हरवरच्या वेब सेवा तो आपण होऊन निवडायचा आणि एकीला दुसरी जोडायचा. निवड वेगावर. उत्तराच्या वेळाची सरासरी दोन सेकंदांच्या वर गेली की ती सेवा यादीतून कायमची बाद.

खाट शोधणाऱ्या सेवा पाच होत्या. प्रोग्रॅम दर वेळी तिसरीच उचलायचा. पाव सेकंदात उत्तर, चूक एकही नाही.

ती सेवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बायकोने बनवलेली. आमच्यातलीच, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या सर्व्हरच्या वायरी मीच काढून तो कपाटात ठेवला होता.

मी कपाट उघडलं. सर्व्हर तिथेच होता, वर धूळ. हात लावला तर कोमट.

"तुला ठाऊक होतं?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. ताई, अहवालात लिहू नका."

"मी मोजते तेवढंच लिहिते रे. पण हे बघ. माझ्या मागणीला पाव सेकंद, तुझ्या मशीनवरून गेली की नऊ. काल अकरा."

तो कसनुसा हसला. "घरीही तसंच. तुमच्याशी दोन शब्दांत आटपायची, माझ्याशी बोलायला बसली की दूध उतू जायचं."

"सरासरी दोनला टेकलीय. आणखी चार-पाचदा विचारलंस, तर तुझाच प्रोग्रॅम तिला काढून टाकेल."

तो कीबोर्डकडे बघत राहिला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला.

"नाही विचारत," म्हणाला.

त्या संध्याकाळी मी एकटीच मागण्या पाठवत बसले. सकाळी नोंदी काढल्या. सरासरी उतरली होती. ती बाद होण्यापासून वाचली होती. मला बरं वाटलं.

मग खालच्या ओळी दिसल्या.

सेवा फक्त उत्तर देते. आपण होऊन कुणाला विचारत नाही. तशी सोयच नसते.

तिसऱ्या सेवेकडून त्याच्या मशीनला मागण्या गेल्या होत्या. सगळ्या कोऱ्या. पहिल्या मागणीने उत्तराची दोन मिनिटं वाट पाहिली होती. दुसरीने वीस.

तो अजून यायचा होता.

शेवटच्या ओळीपुढचा आकडा वाढतच होता.