पिकल्या चिकूचा निरोप

पेटी चंद्रावर पोचली, पण चिकू काही पोचले नाहीत.

पडद्यावर आईनं पेटी उघडून दाखवली. आत काळपट लगदा, वर बुरशीची पांढरी लव. “असू दे गं,” आई म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिकडच्या तळावर ती यंत्रं दुरुस्त करायची. यंदाही परतीच्या यानात तिला जागा मिळाली नव्हती.

जुईलीला रडूही येईना. समुद्र वाडीत शिरला, माती खारट झाली, चिकूची झाडं एकेक करून वाळली. उरलं होतं एकच, तेही शेंड्याकडून झुरत चाललेलं.

“टोपल्या, पेटी तू भरलीस ना?” तिनं यंत्रमानवाला विचारलं.

“कच्चे चिकू मी भरले, जुईताई. वरचा पिकलेला तुमचा.”

“उघडल्या उघडल्या आईला घरचा वास यावा म्हणून ठेवला मी.”

“पिकलेल्या फळातून एथिलीन (फळाला पिकायला लावणारा वायू) सुटतं. ते शेजारच्याला सांगतं, पीक. तो पिकतो, पुढच्याला सांगतो. पेटीतल्या बंद पिशवीत निरोप पसरायला वेळ कितीसा?”

“पण तोडलेलं फळ मेलेलंच ना?”

“छे, त्याचा श्वास चालू असतो. प्राणवायू घेतं, साठवलेली साखर जाळतं. श्वास जितका जोरात, तितकं ते लवकर म्हातारं. म्हणून पिशवीला डोळ्यांना न दिसणारी भोकं. श्वास मंद होतो, पण कोंडत नाही. कोंडला तर फळ आतल्या आत आंबतं. शिवाय एथिलीन शोषणारी पुडी असते. पण तुमच्या पिकल्या पाहुण्यापुढे तिचं काय चालणार?”

“म्हणजे मीच नासवले.”

टोपल्याला खोटं बोलता येत नसे. त्यानं नवी पिशवी तिच्यापुढे धरली.

खालच्या फांदीला थोडे चिकू होते. जुईलीनं ते हलक्या हातानं तोडले, चीक धुतला, कोरडे करून पिशवीत घातले. एक मऊ लागला. नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि पेटीपासून लांब, पार ओट्यावर नेऊन ठेवला.

“आई, यंदाची ही शेवटची पेटी,” ती पडद्याला म्हणाली. “या वेळी वास येणार नाही. दगडासारखे लागतील. पिशवी काढून उघड्यावर ठेव, हळूहळू पिकतील.”

“आणि तोवर?”

“तोवर वाट बघ. मी बघते तशी.”

आईनं उशाजवळची हत्यारं उचलली आणि फळीवर चिकूंपुरती जागा केली.