औषधं देतेय, बोलू नका

साहेब, चूक तुमची आहे.

तुम्ही मला कागद पाठवलात — 'औषधवाटप संपल्यावरही पट्टा अंगावर का ठेवला, याचा लेखी खुलासा मुदतीत करावा.' करते. पण अर्धामुर्धा खुलासा मला जमत नाही. सगळं सांगायचं म्हटलं की त्यात माझं प्रेमही येतं. तुमच्या ऑफिसात प्रेमाला फाइल नसेल तर एक उघडा.

आम्ही माणसं मागितली होती. अख्ख्या मेडिकल वॉर्डाला एका वेळी दोघी नर्सा पुरत नाहीत, हे आमच्या इनचार्ज सुभद्राक्कांनी तुम्हाला इतक्यांदा कळवलं की शेवटी त्यांचा हात दुखायला लागला. तुम्ही माणसं पाठवली नाहीत. पट्टे पाठवलेत. पिवळेधमक, खांद्यावरून आडवे घालायचे, आणि छातीवर मोठ्या कन्नड अक्षरांत — औषधं देतेय, बोलू नका. औषधं देताना मध्ये कुणी बोललं की गोळी चुकते, असं कुठल्या तरी संशोधनात निघालं होतं. खरं आहे ते. चुकते. पण आमच्याशी मध्येच बोलतं कोण? ज्याचं बोलणं ऐकायला दुसरं कुणी नाही, तो. ते संशोधनात निघालं नव्हतं.

आणि पट्ट्यांबरोबर तुम्ही एक मोजणारा पाठवलात.

मी ट्रॉली घेऊन पहिल्या खाटेपाशी उभी होते. रायचूरकडचा एप्रिल. पंखा फिरत होता आणि गरम हवा इकडची तिकडे करत होता. मागून कुणीतरी म्हणालं,

"नमस्कार. आपलं भोजन झालं काय?"

आपलं! भोजन! मी वळून पाहिलं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि हातात बसमध्ये प्रवासी मोजतात तसलं छोटं बटणाचं यंत्र. त्याची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. अक्षरं वाचली... आणि बिचाऱ्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं आता हाच खाटेवर पडतो. मग त्यानं गुपचूप आपल्याच यंत्राचं बटण दाबलं.

टिक.

पहिला अडथळा त्यानं स्वतःच्या नावावर लावला.

त्याचं नाव यतीश कोटियन. कुंदापूरकडचा, समुद्राकाठचा. तिकडचे लोक पुस्तकासारखं कन्नड बोलतात. आमच्या वॉर्डात तो तोंड उघडायचा आणि खाटांवरचे तापकरी गालात हसायचे. "अक्का, तुमचं पुस्तक आलं बघा," म्हणायचे. त्याचं काम एवढंच — खांबाला टेकून उभं राहायचं, औषधं देताना माझ्याशी कुणी बोललं की टिक करायचं. रुग्णसेवेत कसलाही हस्तक्षेप करायचा नाही, हा नियम. बघायचं आणि मोजायचं.

दिवसभर माझ्याकडे बघत राहायचा पगार मिळतो, असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

औषधं संपली की तो व्हरांड्यात भेटायचा. तोच प्रश्न. "भोजन झालं काय?"

"झालं. तुमचं?"

आमच्याकडे हे असंच. रस्त्यात कुणीही भेटलं तरी जेवलात का विचारायचं, आणि पोट पाठीला लागलेलं असलं तरी झालं म्हणायचं. उत्तर कुणी ऐकत नाही. लोक पुढे चालू लागतात. तो चालू लागला नाही.

"खोटं बोलताय," तो म्हणाला. "मी सकाळपासून इथेच उभा आहे. तुमचा डबा खिडकीत आहे. त्याच्यावरची मुंगीसुद्धा कंटाळून गेली."

मला राग आला. "ते मोजायला सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग... ते मी फुकट मोजतो."

मी वळून निघून आले. पण हातपाय धुताना आरशात बघितलं, तर केसातली अबोलीची वेणी वाकडी झाली होती. ती मी सरळ केली. एवढंच केलं. सुभद्राक्का मागून म्हणाल्या, "कोटियनला वेणी नीट दिसत नव्हती वाटतं?"

"अक्का, गप्प बसा."

"मी कुठं बोलले? टिक."

आता पट्ट्याचं. साहेब, पट्टा चालला. तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त चालला. पिवळा पट्टा आडवा घातलेली बाई बघून खेड्यातून आलेली माणसं एकदम शांत व्हायची. मला वाटायचं, अक्षरं वाचतात. अर्ध्यांना वाचता येत नव्हतं. ते का शांत होतात याचा विचार मी केला नाही. विचार करायला वेळ लागतो. शांतता मात्र मला कळली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी वॉर्डाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले आणि कुणी "अक्का" म्हणून पदर ओढला नाही.

मग एके दिवशी औषधं संपल्यावर सुभद्राक्कांनी पट्टा काढला नाही. खुर्चीत बसून दोन मिनिटं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी काढला नाही. पडद्याआड बसले, डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं. पट्टा अंगावर. आणि बसून, सलग, गरम नाही पण निवांत... जेवले. हेच तुम्ही विचारलंत ना, का ठेवला? यासाठी ठेवला.

व्हरांड्यात यतीशनं विचारलं, "भोजन झालं काय?"

"झालं," मी म्हटलं. पहिल्यांदाच खरं.

तो नुसता हसला. मग खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली. "आईनं फणसाचे पापड पाठवलेत. तुमच्या इथे सावलीतसुद्धा भाजतात."

"आमच्या गावाला नावं ठेवायची नाहीत."

"गावाला नाही. गावात एक गोष्ट फार चांगली आहे."

"कोणती?"

त्यानं चष्मा वर सरकवला. "...भरलं वांगं."

"डब्यातलं तुम्हाला काय माहीत?"

"वास येतो. खांबापर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी डब्यात एक भाकरी जास्त घातली. आईनं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, हल्ली भूक वाढलीय. तेही खोटं नव्हतं.

मग तो दिवस.

खिडकीजवळच्या खाटेवर हनुमप्पा नावाचे म्हातारे होते, उशाशी त्यांची बायको तिप्पव्वा. मी त्यांना सलाईन लावलं, बाकीची औषधं दिली, आणि पडद्याआड डबा घेऊन बसले. पट्टा अंगावर. दोन घास गेले असतील.

"नीलगंगा!"

त्यानं मला तोवर कधी नावानं हाक मारली नव्हती. सिस्टर, आपण, तुम्ही... सगळं पुस्तकातलं. आणि एकदम नाव. तेही वॉर्डभर ओरडून. मी भाकरी टाकून धावले.

हनुमप्पांचं सगळं अंग थडथडत होतं. दात वाजत होते, ओठ निळसर. सलाईनची थंडी भरली होती. मी सलाईन बंद केलं, सुभद्राक्कांनी डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन गेलं, पांघरुणं घातली. यतीशनं मोजायचं यंत्र खिशात टाकून म्हाताऱ्याचे पाय धरून ठेवले होते. हळूहळू थरथर थांबली. म्हातारे वाचले, साहेब. आजही शेतावर जातात.

पण तिप्पव्वा. ती उशाशी बसून होती, स्वतःचा पदर तोंडात कोंबून. थंडी भरायला लागल्यापासून ती बघत होती. मी पडद्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. तिनं हाक मारली नाही.

"आजी, बोलावलं का नाही मला?" मी ओरडलेच.

तिनं माझ्या पट्ट्याला हात जोडले. "तुझं व्रत होतं ना बाई. यल्लम्माच्या भंडाऱ्याचा रंग अंगावर. बोलले असते तर तुझं व्रत मोडलं असतं... देवीचा कोप तुझ्या अंगावर आला असता."

नवरा जात होता आणि ती बाई माझी काळजी करत होती.

तुम्ही रंग निवडताना कुणाला विचारलं होतंत, साहेब? आमच्या भागात यल्लम्माच्या डोंगराला जाणाऱ्या बाया पिवळ्या होऊन येतात, हे रायचूर स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं असतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, यतीश कडुनिंबाला टेकून उभा होता. खांब नाही तर झाड. त्याला टेकायला काहीतरी लागतंच.

"वरून फोन आला," तो म्हणाला. "आजचा दिवस हिशेबातून काढायचा. मी मध्ये बोललो, हस्तक्षेप केला, म्हणून आजचं निरीक्षण बाद."

"मग?"

"बाकीचे आकडे चांगले आलेत. पट्टा यशस्वी. सगळ्या जिल्ह्यात वाटणार. आणि... नव्या नर्सा भरायची गरज नाही, असं वर लिहायचंय."

मी खाली बसले. "आणि तुम्ही?"

"मी आजचा दिवस लिहिला तर लिहावं लागेल, की सिस्टर पट्टा घालून जेवत होती. नाव नसलं तरी सगळ्यांना कळेल. तुमच्यावर येईल. नाही लिहिलं तर... दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डात दुसरी तिप्पव्वा गप्प बसेल. तिथं कुणी खांबाला टेकून उभं नसेल."

"हे सगळं कळतंय तर मला विचारायला कशाला आलात?"

"कारण..."

"कारण काय? पुस्तकात शब्द नाही?"

"कारण तुमचं वाईट झालेलं मला बघवणार नाही. बघायचीच नोकरी आहे माझी, तरी."

कडुनिंबाची फुलं गळत होती. त्याच्या केसांत दोनचार अडकली होती. मला ती काढायची होती. हात उचलायचंसुद्धा त्राण नव्हतं, खरं सांगते. प्रेमालासुद्धा ताकद लागते, आणि ती माझी दुपारीच संपली होती.

"यतीश," मी म्हटलं. मीही नावानंच. "लिहा. मी पट्टा घालून जेवत होते, हे लिहा. पण मी भुकेली होते, हेही लिहा. मला बसून जेवायला त्या पट्ट्याशिवाय दुसरी जागा नव्हती, हेही लिहा. यातलं एक लिहून एक गाळलंत, तर पुन्हा मला जेवलीस का म्हणून विचारू नका."

"आणि दोन्ही लिहिलं तर?"

"तर रोज विचारा."

"रोज म्हणजे... किती दिवस?"

"मोजायचं काम तुमचं आहे."

त्यानं खिशात हात घातला. यंत्र बाहेर काढलं नाही. आतल्या आत दाबलं.

टिक.

मग तो माझ्याशेजारी मातीत बसला. मी डबा उघडला. दुपारची उरलेली भाकरी वाळून कडक झाली होती. आम्ही दोघांनी ती मोडून खाल्ली. त्याला ठसका लागला, चटणी त्याला सोसत नाही. मी पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच राहिला थोडा वेळ. बस. एवढंच झालं. तुमच्या चौकशीत कुणी वाढवून सांगितलं तर समजा, खोटं आहे.

त्यानं दोन्ही लिहिलं. तुम्ही त्याचं काम पुढे चालू ठेवलं नाहीत. मला हा कागद पाठवलात. पट्टे अजून आहेत. मी मात्र आता औषधं संपली की लगेच काढते, आणि डबा पुन्हा खिडकीत असतो.

यतीश कुंदापूरला गेला. रोज दुपारी फोन येतो. "जेवलीस?" आता आपण नाही, भोजनही नाही. आमच्याकडचं बोलणं लागलंय त्याला. मी खरं सांगते. बहुतेक दिवस सांगावं लागतं, नाही जेवले. मग पलीकडे नुसता समुद्राचा आवाज येतो. एकदा मात्र म्हणाला,

"रायचूरच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायची जागा मिळतेय. घेऊ का?"

"इथं उन्हानं भाजून जाशील."

"सावली मिळेल का तेवढं सांग."

"दोनच नर्सांची सावली आहे. वाटून घ्यावी लागेल."

"टिक," तो म्हणाला. तोंडानंच.

लग्न त्याच्या गावच्या देवळात ठरलंय. आईनं भाकऱ्यांसाठी ज्वारी दळायला काढलीय, कारण तिकडच्या भातावर तिचा विश्वास नाही. तिप्पव्वा येणार म्हणते. समुद्र बघायचाय तिला, आणि माझ्या कपाळाला स्वतःच्या हातानं भंडारा लावायचाय.

रजेचा अर्ज मी दिला. तो परत आला. त्यावर तुमची सही आहे — 'बदली कर्मचारी उपलब्ध नाही.'

म्हणजे तुम्हालाही माहीत आहे, साहेब. दोघी पुरतात असं जिल्ह्याला सांगायचं, आणि दोघींतली एक जरा दूर जाते म्हटलं की वॉर्ड कोसळेल हे तुम्हाला सही करताना बरोबर कळतं.

मी जाणार आहे. रजा द्या किंवा देऊ नका. माझा खुलासा इथे संपला, आता तुमचा करा. मी नसेन त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर कुणाला तरी थंडी भरेल, उशाशी बसलेली बाई हाक मारेल, तेव्हा माझ्या जागी धावत कोण येणार?

नाव सांगा.