लाल सिलिंडरवरचा बेडूक

“ताई, माझा बेडूक इथे कसा आला?”

पिटुकल्या तिसऱ्या जीपच्या मागच्या दारातून आत वाकला होता. तिथल्या लाल सिलिंडरवर हिरव्या बेडकाचं स्टिकर डोळे वटारून बसलं होतं.

“तूच चिकटवलंस! दुसरं कोण दिसेल त्याला बेडूक लावतं?” मिरची म्हणाली.

“पण मी पहिल्या जीपच्या सिलिंडरला लावला होता! आणि माझ्याकडे एकच होता!” त्याचा ओठ थरथरायला लागला.

मिरचीने निरखून पाहिलं. एक पाय फाटलेला. सकाळचाच बेडूक! तिने मामेभावाला, म्हणजे लंबूला, खूण केली.

सुट्टीत मिरची आणि पिटुकल्या मामाकडे आले होते. गॅरेज मामाचं आणि जीपवाल्यांचा क्लबही मामाचाच. आज सगळ्या जीपा वाळक्या गवताच्या डोंगरावर चढणार होत्या, आणि पिटुकल्या मामाशेजारी बसणार होता. त्याआधी शेडमध्ये तपासनीसबाई एकेक गाडी बघत होत्या. आग विझवायचं सिलिंडर नसेल, तर गाडी बाद!

मिरची आणि लंबू टायरांच्या चळतीमागे दबा धरून बसले. तिसरी जीप पास होऊन शेडमागे आली. गॅरेजमधला मेकॅनिक इकडेतिकडे बघत आला, त्याने तिच्यातलं सिलिंडर पोत्यात घातलं आणि गुपचूप चौथ्या जीपमध्ये नेऊन ठेवलं.

“आयला! सगळ्यांत मिळून एकच!” लंबू कुजबुजला. “बेडकाची तर मजा आहे, प्रत्येक गाडीत पाहुणचार!”

मिरचीला हसू आलं नाही. ती तरातरा मामाकडे गेली.

“मामा, बाकीची सिलिंडरं कुठायत?”

“हळू बोल गं! ज्याच्या त्याच्या घरी. दगडांवरून जाताना खडखड करून डोकं उठवतात मेली, म्हणून काढून ठेवली.”

“आणि आग लागली तर?”

“आजवर लागली का कधी? उगाच नाकाला मिरची झोंबवून घेऊ नकोस!”

स्वतःच्याच विनोदावर खो खो हसत मामाने पिटुकल्याला उचलून जीपमध्ये बसवलं, त्याच्या खांद्यांवरचे पट्टे आवळले, इंजिन सुरू केलं आणि गाडी निघायच्या रांगेत लावली.

त्या पट्ट्यांचं बक्कल पिटुकल्याला उघडता येत नव्हतं. सकाळी त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबून दाबून पाहिलं होतं. त्याला तर शर्टाचं वरचं बटणही अजून जमत नव्हतं! ते इवलेसे लाल झालेले अंगठे मिरचीला आठवले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडखड सहन होत नाही म्हणे!

“लंबू, काढ ते सिलिंडर!”

“आणि लपवू कुठे?”

“बाईंच्या टेबलाखाली. तिथे शोधायची हिंमत आहे कुणाची?”

चौथी जीप शेडमध्ये शिरली. ड्रायव्हरने ऐटीत मागचं दार उघडलं. आत नुसतं पोतं!

“आत्ता तर ठेवलं होतं!” तो बोलून गेला.

“आत्ता?” बाईंच्या भुवया वर चढल्या.

“त्यांना काय विचारता, बाई? मी सांगते!” मिरची पुढे झाली. तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली.

“ताईऽऽ! धूर!”

मामाच्या जीपखालून धूर येत होता. कालच्या फेरीत गाडीच्या पोटाखाली अडकलेलं गवत तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटलं होतं. इंजिन सुरूच होतं. आणि मामा धावला कुठे? बॉनेट उघडायला!

“मामा, बॉनेट नको! हवा लागली की भडकेल! तुझ्याच फलकावर लिहिलंय ना! आधी इंजिन बंद, मग माणसं बाहेर!”

शेडच्या भिंतीवरचा तो फलक मामाने स्वतःच्या हाताने रंगवला होता. तो भानावर आला. त्याने किल्ली फिरवली. मिरचीने बक्कल दाबलं, पट्टे ओढले, पिटुकल्याला कवेत घेतलं आणि पार गॅरेजच्या भिंतीपर्यंत धूम ठोकली.

“बाई, हे घ्या!” लंबूने टेबलाखालून बेडूकवालं सिलिंडर ओढलं. बाईंनी पिन उपसली आणि नळी जाळाच्या बुडाशी रोखली. पांढऱ्या भुकटीचा लोट उठला. जाळ दबला. पुन्हा डोकावला. पुन्हा दबला. विझला! सिलिंडर मात्र फुस्स करून रिकामं झालं. “सगळ्या गाड्यांत मिळून हे एकच होतं, बाई!” मिरची भिंतीपासूनच ओरडली.

“हे डोंगरावर झालं असतं तर?” बाई कडाडल्या. “तिथे बेडूक शोधत फिरला असतात? पोरांना कळतं ते तुम्हा घोड्यांना कळू नये? फेरी रद्द!” मग त्यांनी लंबूची पाठ थोपटली. “तुम्ही होतात म्हणून, बाळांनो!”

मामा काळवंडलेल्या तोंडाने जवळ आला. “शाब्बास गं...” त्याने मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

“शाब्बासकी नकोय मला! त्याला बक्कल उघडता येत नाही, मामा! सकाळी तुझ्यासमोरच धडपडत होता!”

मामाचे डोळे भरून आले. “चुकलो,” तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची सिलिंडरं घरून आली. मामाने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येकाला रबराचं अस्तर दिलं. बेडूकवालं सिलिंडर नव्याने भरून आणलं आणि आपल्या सीटशेजारी, हाताशी बसवलं. पिटुकल्यासाठी त्याच्या अंगठ्यांना जमेल असं मऊ बक्कलही आलं.

“मामा, आता बेडूक कुठे जाणार?” पिटुकल्याने विचारलं.

“कुठेच नाही, राजा. तो इथेच राहणार.”

मिरचीने सिलिंडर दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिलं. ते जरासुद्धा खडखडलं नाही. तेव्हा कुठे ती मामाकडे बघून हसली.