बिनडाग साबण

एकोणीसशे चौतीसच्या वैशाखात लोणावळ्याच्या दुकानदाराने रशिदाची टोपली जशीच्या तशी परत केली. तिने घरी बनवलेल्या साबणावर नारिंगी डाग पडले होते, खवट वास सुटला होता. पुढची खेप अशीच निघाली तर पुन्हा येऊ नका, असं त्याने बजावलं. रशिदा ताठ मानेने पायऱ्या उतरली... आणि खाली भात्याशी बसलेल्या कल्हईवाल्याने वर पाहिलं.

"तेल तांब्याच्या हंड्यात ठेवता काय?"

"तुमाला कुणी इचारलं?"

"वासानं," तो हसून म्हणाला.

तो वडगावचा इनायत. कल्हई उडाली की तेल तांब्याला लागून लवकर खवटतं, तेव्हा चिनी मातीच्या बरणीत ठेवून बघा, असं त्याने सांगितलं. हंडा कल्हईला द्या, असं मात्र तो म्हणालाच नाही, हे तिला घरी कुसगावला पोचल्यावर लक्षात आलं. स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडणारा हा कसला कल्हईवाला! ती हसली — आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

अब्बा गेल्यापासून तिचं आणि अम्माचं घर या साबणावर चालत होतं. सोडा आणि खोबरेल तोलायला ती चुकतमाकत एकटी शिकली होती. वाटेत भेटलेल्या माणसाचं ऐकून मान डोलावणाऱ्यातली ती नव्हती. तिने साबणाचे दोन घाणे काढले. एक हंड्यातल्या तेलाचा, एक बरणीतल्या तेलाचा.

इनायत दर गुरुवारी कुसगावात फिरू लागला. गावात एवढी भांडी आली कुठून, असं अम्मा विचारायची. तो ओसरीशी थांबायचा, साबणाची वडी हुंगायचा, आणि वडीपेक्षा जास्त वेळ रशिदाकडे बघायचा. ती बघायची नाही... निदान तसं दाखवायची.

श्रावण सरला. हंड्यातल्या तेलाच्या वड्या डागाळल्या. पण बरणीतल्या तेलाच्याही काही वड्यांवर डाग उमटले. इनायतचा चेहरा उतरला.

"म्हंजी मी चुकलो."

"अर्धे," रशिदा म्हणाली.

घाईने, ओल्या असतानाच कागदात गुंडाळलेल्या वड्या तेवढ्या बिघडल्या होत्या. बांबूच्या तट्ट्यावर, वाऱ्याला, सावलीत दीड महिना सुकवलेल्या वड्या नितळ पांढऱ्या होत्या.

"उरलेलं अर्धं मी शोधलं," ती म्हणाली. "कुणी न सांगता."

त्याने हातातली वडी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. "भांडी लय चमकवली मी," तो हळूच म्हणाला, "पर अशी झळाळी न्हाई बघितली."

दुकानदाराने टोपली ठेवून घेतली, वर दिवाळीसाठी आणखी दोन मागितल्या. परतीच्या वाटेवर इनायत तिच्यासोबत चालत होता. कुसगाव दिसू लागलं तसा तो रेंगाळला.

"माझ्या आईला पाठवू का... तुमच्या अम्माकडं?"

"पाठवा. पर आधीच सांगते — निकाह झाला तरी साबण मी करणार, आन त्याच्यावर नाव रशिदाचंच ऱ्हाणार."

"ऱ्हाऊ द्या की. मग माझं नाव कुटं?"

रशिदाचे कान तापले, पण मान काही खाली झाली नाही.

"तुमचं," ती म्हणाली, "मी घेईन."