चक्कर मला आली!

सुई बाबांच्या दंडाला टोचली आणि चक्कर मला आली! डोळे उघडले, तर मी लसीकरणाच्या खोलीतल्या बाकावर, आणि माझं डोकं लस देणाऱ्याच्या हातावर.

"काम काय करता?" पाण्याचा पेला पुढे करत त्याने विचारलं.

"कपडे शिवते…"

"म्हणजे सुईशी रोजचा संसार, आणि सुईलाच भिता?"

मास्कवरचे त्याचे डोळे हसत होते. मी अगदी गोरीमोरी झाले.

बाबांची मात्र कुरकुर चालूच. "मागे घेतली होती की लस! पुन्हा कशाला?"

"काका, विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. जुन्या डोसचा जोर काही महिन्यांनी ओसरतो. ही घेतल्यावर कोरोना होणारच नाही, असं नाही. पण जिवावर बेतायची शक्यता बरीच कमी होते."

जिवावर… लस यायच्या आधी बाबा एकदा त्यातून गेले होते. ऑक्सिजन लावलेले बाबा मला काचेपलीकडूनच दिसायचे. आई गेल्यापासून आम्हाला एकमेकांशिवाय होतं तरी कोण?

निघताना त्याने नंबर दिला. "काही वाटलं तर फोन करा."

"सगळ्यांनाच देता?"

"नाही… चक्कर येणाऱ्यांनाच."

हिवाळ्यात बाबा तापले. चाचणी केली — कोरोनाच! डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला सांगितलं. मी त्याला फोन केला, आणि काम संपवून तो थेट दारात हजर!

मग रोज संध्याकाळी यायचा. बाबांच्या बोटाला यंत्र लावायचा, आकडा बघून माझ्याकडे मान हलवायचा — तेवढ्यावर माझी रात्र निघायची. ताप, खोकला, अंगदुखी, चिडचिड… बाबांनी सगळं केलं. पण श्वास अडला नाही. हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही.

बाबा हिंडूफिरू लागले, त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? डॉक्टरांचे आभार माना, लसीचे माना."

"लसीला चहा पाजता येत नाही ना!"

तो मोठ्याने हसला. चहासाठी मास्क काढला, आणि त्याच्या गालावरची खळी मी पहिल्यांदाच पाहिली. बाई गं…

"आता यायला निमित्त उरलं नाही," कपाशी चाळा करत तो म्हणाला. "कुणी आजारी नसताना आलो — तर चालेल?"

"चालेल… पण मग परत जाता यायचं नाही."

त्याने कप खाली ठेवला. तेवढ्यात आतून बाबांचा खणखणीत आवाज आला, "अरे, हो म्हण की लेका!"

एका दमात, न खोकता! माझे डोळे भरून आले. आणि तो हसत, हळूच म्हणाला — "हो."